आवाज बसला तर लगेच या

बटण बंद करायचं राहून गेलं, एवढंच झालं.

फलाट सहावरच्या गाडीची घोषणा तिने नेहमीसारखी केली होती. गाडीचा नंबर, जाण्याचं ठिकाण, प्रवाशांनी रांगेत चढावे, सगळं कसं खणखणीत. शेवटचा शब्द संपला आणि ओटीपोटात कुणीतरी पीळ घातला. ती टेबलावर वाकली, कपाळ माईकच्या दांड्याला टेकलं आणि तोंडून निघून गेलं, "आई गं... आई गं, मेले." तसं हे नवीन नव्हतं. पण एरवी आधी माईक बंद करणारं बटण खाली जायचं आणि मग ती कण्हायची. त्या दिवशी क्रम चुकला आणि बसस्टँडच्या झाडून सगळ्या भोंग्यांतून तिचं कण्हणं बाहेर पडलं.

खाली काही लोक हसले. एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवून दाद दिली. चहावाल्याचा हात किटली धरून तसाच राहिला. कंट्रोलर साहेब धापा टाकत जिना चढून आले, त्यांना वाटलं वर खूनबिन पडला की काय. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, काय हवं ते करा हो, पण बटण तेवढं बघत जा." मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. त्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. पुढची घोषणा साहेबांनी स्वतः केली आणि फलाट चुकवला.

स्टँडवर तिला सगळे माईकबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत ती सोळा-सतरा वर्षं बसत होती. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिचा आवाज पाठ होता आणि चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. भाजी घेताना ती "पाव किलो द्या" म्हणाली की आजूबाजूचे लोक माना वळवून बघायचे. तिला ते आवडायचं. आयुष्यात तिचं असं म्हणून जे काही होतं, त्यात हा आवाज पहिला होता आणि खरं सांगायचं तर दुसरं काही फारसं नव्हतंच.

रस्त्यापलीकडे, स्टँडच्या समोरच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तिची आई राहायची आणि तीही. साखरेने आईचे डोळे गेले होते आणि पायांतलं बळही. ती दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून असायची आणि भोंगा ऐकायची. पोरगी कामावर बसली, पोरगी चहाला उठली, पोरीला आज सर्दी झालीय, हे सगळं आईला खिडकीतून कळायचं. शेजारच्या काकू येताजाता डोकावल्या की ती अभिमानाने म्हणायची, "ऐकलंत का? माझी पोरगी बोलतेय."

त्या दिवशी आईने तेही ऐकलं.

संध्याकाळी माईकबाई घरी आली तेव्हा आई दिवा न लावता बसली होती. तिला दिव्याचं काय म्हणा. चपलांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं."

"आई, तूच म्हणायचीस ना..."

"मी म्हणायचे ते म्हणायचे. उद्या जायचं."

आई काय म्हणायची ते दोघींनाही पाठ होतं. तेराव्या वर्षी पोरगी पहिल्यांदा पोट धरून न्हाणीघरात पडली तेव्हापासून एकच वाक्य होतं. बाईच्या जातीला हे असायचंच, मला नाही का दुखायचं, मी कधी बोलले का. गरम पाण्याची पिशवी हातात द्यायची आणि शाळेत पिटाळायचं. पुढे नवऱ्याने त्याला दर महिन्याचं नाटक हे नाव ठेवलं. मूल झालं नाही, तेही नाटकातच धरलं गेलं. एकदा तो तिला चार दिवसांसाठी म्हणून आईकडे सोडून गेला आणि न्यायला काही आला नाही. तिनेही वाट पाहायची म्हणून पाहिली. मग स्टँडवर जाहिरात लागली, आवाजाची चाचणी झाली आणि ती काचेच्या खोलीत जाऊन बसली. दुखणं बरोबर होतंच. बटण दाबून कण्हायचं, बटण सोडून बोलायचं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की वेगळं काही असू शकतं हे ती विसरूनच गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि कागदाच्या कपट्यावर एक चित्र काढून दाखवलं. गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं तसलंच अस्तर हिच्या पोटात पिशवीच्या बाहेर, आतड्यांपर्यंत वाढत गेलं होतं. दर महिन्याला तेही सुजायचं, तेही रक्त टाकायचं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नव्हती. माईकबाई ते चित्र बघत राहिली आणि तिला रडू फुटलं. दुखण्यापायी नव्हे. दुखण्याला नाव आहे, त्याचं चित्र काढता येतं, म्हणजे ते खरंच आहे, म्हणून.

"इतकी वर्षं काय करत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घोषणा," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी ते बहुधा ऐकलं नाही.

त्यांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. लिहिता लिहिता सांगितलं की पाळी थांबेल, दुखणं थांबेल, वजन वाढेल, ओठावर लव येईल, घाबरायचं नाही. तोवर पुढची बाई दार ढकलून आत आली होती. "आणि आवाज बसला तर लगेच या," असं म्हणून त्यांनी कागद हातात दिला.

आता घोषणा करणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे कोळ्याला पाय भिजले तर कळवा म्हणून सांगण्यासारखं. तिचा आवाज वर्षातून चारदा बसायचा. धूळ होती, गाड्यांचा धूर होता, थंडी होती. बसला की मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, दाढेखाली लवंग धरायची, दोन दिवस बेताने बोलायचं, की उठायचा. त्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं? तिने मान हलवली आणि ती गोळ्या घेऊन घरी आली.

पुढचे महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले, हे सांगितलंच पाहिजे. दुखायचे ते दिवस आले आणि नुसतेच निघून गेले. तिने पडदे धुतले. जिना धावत चढली, आणि वर पोचल्यावर उगाचच पुन्हा खाली जाऊन आली. लहानपणानंतर पहिल्यांदा ती पोटावर पालथी झोपली. सकाळी आईने विचारलं, "आज हसतेयस कशाला?" तर ती हसतच चहा टाकायला उठली. आईच्या चेहऱ्यावर मात्र कर्ज फिटल्यासारखं काहीतरी आलं. बोलली काही नाही. बोलायची तिची रीतच नव्हती.

आवाज आधी 'क्रमांक' या शब्दावर फाटायला लागला. तिने गुळण्या केल्या. मग वरचे सूर लागेनात. तिने लवंगा चघळल्या, गळ्याला रुमाल गुंडाळला, पंख्याखाली बसायचं सोडलं. आवाज जिना उतरावा तसा एकेक पायरी खाली गेला आणि परत वर आलाच नाही. काकू म्हणाल्या, कफ असेल. कंट्रोलर साहेब म्हणाले, सुट्टी घ्या दोन दिवस. आई म्हणाली, "अगदी तुझ्या बापासारखी बोलायला लागलीस. घरात पुरुषमाणूस आल्यासारखं वाटतंय." त्यावर दोघी हसल्याही.

मग एके दुपारी तिने चौकशीचा फोन उचलला. पलीकडून एक बाई अजिजीने म्हणाली, "दादा, शेवटची गाडी चुकली तर दुसरी मिळेल का हो?"

तिने उत्तर दिलं. फोन ठेवला. मग काचेत स्वतःकडे पाहत बसली. ओठावरची लव तिला आधीच दिसली होती. आता डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

तरी ती गेली नाही. इथे तिला भोळी ठरवून मोकळं होता येईल, पण ते खरं नव्हे. तिला कळलं होतं. गेलं की गोळ्या बंद होणार, गोळ्या बंद झाल्या की तो पीळ परत येणार. एका बाजूला आवाज होता आणि दुसऱ्या बाजूला पालथं झोपणं. ती रोज ठरवायची, उद्या जाऊ, आणि रोज गोळी घ्यायची. माणसाने किती सोसायचं याला काही हिशेब असतो आणि तिचा तो केव्हाच ओलांडून झाला होता. त्याबद्दल तिला कुणी बोल लावू नये.

शेवटी प्रवाशांच्या तक्रारी आल्या. घोषणा कळत नाहीत, कुणी पुरुष घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटतो. साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत सांगितलं की वर एक नवीन मुलगी बसेल आणि माईकबाईंनी खाली खिडकी क्रमांक दोनवर, हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसावं. मनाने माणूस चांगला होता. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "तुमचा आवाज आहेच की आमच्याकडे. ती सामान सांभाळायची घोषणा मागे तुमच्याच आवाजात भरून ठेवलीय ना, ती तशीच चालू ठेवणार आहोत. तसा आवाज पुन्हा कुठे मिळणार?"

तेव्हा ती डॉक्टरकडे गेली.

"मी सांगितलं होतं ना, आवाज बसला तर लगेच या म्हणून?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बसला नव्हता हो. बसलेला उठतो. हा उतरला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. तुम्ही काय काम करता, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, आणि उत्तर ऐकून बराच वेळ त्या चष्मा पुसत राहिल्या. गोळ्या आजच बंद करा म्हणाल्या. आवाज परत येईल का, तर सांगता येत नाही, बहुतेक नाही. ऑपरेशन करता येईल, पण सगळं चिकटलेलं आहे, पोट उघडल्यावर काय निघेल कोण जाणे, आणि नंतर काही आठवडे तरी वजन उचलायचं नाही. घरी आंधळी आई आहे, तिला उचलूनच न्हाणीघरात न्यावं लागतं, हे माईकबाईने सांगितलं. मग बघू पुढे, असं दोघीही म्हणाल्या. दुखणं दुसऱ्याच महिन्यात परत आलं, जुन्या भाडेकरूने कुलूप उघडून आत यावं तसं. आवाज आला नाही.

खिडकी क्रमांक दोनवर लोक येत. "दादा, माझी छत्री..." एवढं म्हणून आत वाकून बघत आणि ओशाळत, "अगंबाई, ताई, सॉरी हं." ती छत्री काढून देई. मधूनच डोक्यावरचा भोंगा खरखरे आणि तिचा जुना आवाज खणखणीतपणे सांगे, 'प्रवाशांनी आपले सामान स्वतः सांभाळावे. हरवलेल्या वस्तूंची चौकशी खिडकी क्रमांक दोनवर करावी.' पहिल्या आठवड्यात ते ऐकून ती हातातलं काम टाकून वर बघायची. पुढे ती त्या वेळी कपाटातल्या वस्तू मागेपुढे करायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण थंडीत आईला ताप भरला. काही दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली ती मन सैल होऊन. कालचं आज आठवेना, आजचं उद्याला उरेना. एका सकाळी जाग आल्यावर तिने चाचपडत विचारलं, "कोण आहे?"

"मी आहे, आई."

"मी कोण?"

"मी गं. तुझी पोरगी."

त्यावर आई किंचाळली. घरात कुणी बाप्या शिरलाय म्हणून तिने हाका मारायला सुरुवात केली, आणि काकू येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर आला नाही. काकूंनी परोपरीने समजावलं की ही तुमचीच लेक, गोळ्यांनी आवाज बदललाय. आईने सगळं ऐकून घेतलं आणि काकूंच्या कानाला लागून म्हणाली, "पण बोलतोय तो पुरुष आहे हो." न्हाणीघरात तर अंगाला हात लावू देईना. परक्या पुरुषाने आपल्याला उघडं पाहिलं या लाजेने म्हातारी थरथरत होती. त्या दिवशी माईकबाई दार लावून बाहेर उभी राहिली आणि आईचे कपडे काकूंनी बदलले.

मग एकदा ती आईला पाणी देत होती. "घे, हळू घे," एवढंच म्हणाली. आईचा घोट घशातच थांबला. चेहऱ्यावर असं काही उजळलं की ते डोळे पाहू शकत नाहीत हे खोटं वाटावं.

"दादा? दादा, तू आलास?"

दादा म्हणजे माईकबाईचा थोरला भाऊ. नोकरीसाठी परदेशी गेला त्याला युग लोटलं होतं. आधी फोन यायचे, मग फक्त वाढदिवसाला यायचे, मग कुणाचाच वाढदिवस त्याच्या लक्षात राहीना. आईने त्याचं नाव काढणं सोडलं होतं. सोडलं होतं म्हणजे आत कुठेतरी ठेवलं होतं, हे आता कळलं.

नाही म्हणायला हवं होतं. पण किंकाळ्या ऐकून ती थकली होती, आणि ते उजळलेलं तोंड समोर होतं. "हो," ती म्हणाली.

"कधी आलास?"

आता हो-नाहीवर भागण्यासारखं नव्हतं. आपल्या बोलण्यात बाई की पुरुष हे क्रियापदाला सांगावंच लागतं, मधली वाट नाही. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आत्ताच आलो," ती म्हणाली.

त्यानंतर घरात एक रीत पडली. बोलली की ती दादा असायची, त्यामुळे आई शांतपणे जेवायची, गोळ्या घ्यायची, नोकरीतल्या बढतीची चौकशी करायची. पण मुलाच्या हातून अंघोळ कशी करून घेणार? म्हणून न्हाणीघरात माईकबाई अवाक्षर काढत नसे. मुक्याने पाणी ओतायची, मुक्याने पाठ चोळायची, मुक्याने पुसायची. तेव्हा आई तिचा हात ओळखायची. "आलीस का पोरी," म्हणायची. उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही की गप्प व्हायची. घशाशी आलेला हुंदका माईकबाई कसाबसा गिळायची, कारण हुंदकासुद्धा आता पुरुषाचाच निघत होता.

हे असं चाललेलं असताना एका संध्याकाळी ती कामावरून आली. तिचे ते दिवस होते. दिवसभर खिडकीवर तिने दात आवळून काढले होते आणि आता कमरेतून पाय सुटून येतायत असं वाटत होतं. आईला पलंगावर टेकून बसवलं, शाल पायांवर घातली आणि ती पलंगाच्या कडेला टेकली. "बरं आहे ना, आई?" तिने विचारलं.

"गप," आई म्हणाली आणि हात वर केला. "ऐक. माझी पोरगी बोलतेय."

रस्त्यापलीकडे भोंगा खरखरला. प्रवाशांनी आपले सामान स्वतः सांभाळावे. काचेसारखा लख्ख आवाज, प्रत्येक अक्षर वेगळं. आई मान तिरपी करून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिली.

"किती गोड बोलते," ती म्हणाली. "दिवसभर अख्ख्या गावाशी बोलते. घरी आली की मात्र तोंडातून शब्द काढत नाही. अंघोळ घालते, पुसते, सगळं करते. बोलत नाही. रागावलीय माझ्यावर."

"का?"

"तिला दुखायचं रे, दादा. फार दुखायचं. लहान होती तेव्हापासून. मला कळायचं. मी म्हणायचे, बाईच्या जातीला असायचंच. दुसरं काय म्हणणार? मला तरी कुणी काय सांगितलं होतं?" आईची बोटं शालीची किनार शोधत राहिली. "एकदा भोंग्यावरून ओरडली. आई गं, म्हणाली. गावादेखत मला हाक मारली तिने. तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. पण तोंडाने काही म्हणता आलं नाही. तू आलायस तर तिला एवढं सांग. म्हणावं, आईने ऐकलं होतं."

माईकबाईने तोंड उघडलं. वीस-पंचवीस वर्षं तिला हे ऐकायचं होतं. आणि आता ते तिच्यासाठीच होतं, फक्त तिला सांगितलेलं नव्हतं.

"सांगतो," ती म्हणाली.

"आणि आता बरं आहे का, तेही विचार."

"विचारतो."

आईने समाधानाने मान मागे टेकली आणि तोंड खिडकीकडे केलं. भोंगा पुन्हा खरखरला. घोषणा नेहमी दोनदा व्हायची. त्याच वेळी माईकबाईच्या पोटात पीळ बसला, आजवरचा सगळ्यात मोठा. तिचा हात आपसूक पुढे गेला, पलंगाच्या लाकडी कडेवर चाचपडला, आणि अंगठ्याने तिने ती कड घट्ट दाबून धरली. आधी बटण खाली गेलं. मगच ती वाकली, ओठ मिटून. बाहेर तिचा आवाज हरवलेल्या वस्तूंची चौकशी कुठे करायची ते सांगत होता आणि आई ऐकत होती.